टर्बो सगळ्यात शेवटी

(ठाण्यात अभियांत्रिकी पदविकेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

हा पिस्टन पहिल्या रांगेत देतोय, हातोहात मागेपर्यंत जाऊ द्या. वरच्या दोन रिंगांच्या खाचांमधली कड बघा, नखाएवढा तुकडा उडालाय. तिथे अंगठा फिरवा. सोबतच्या पुडीत त्याचीच वरची रिंग आहे, म्हणजे पिस्टनभोवती बसणारं, एका जागी फट ठेवलेलं कडं. तिची दोन्ही टोकं उजेडात धरा, आरशासारखी चमकतील. ती चमक तिथे असायला नको होती. दोन टोकं एकमेकांवर दाबली जाऊन घासली, त्याची ती खूण आहे.

हे माझ्या हातून झालं. रबाळ्याला स्वतःचं मशीन शॉप टाकण्याआधी मी काही वर्षं शारजात एका गॅरेजमध्ये होतो. आखातातल्या लोकांना मोटारींचं भयंकर वेड. निसान पॅट्रोल नावाच्या जीपसारख्या गाडीच्या ४.८ लिटरच्या इंजिनाला टर्बो लावून वाळूच्या उभ्या चढावर गाड्या पळवतात. आमच्याकडे त्या यायच्याच, पण माझा जीव जडला तो जुन्या डॅटसनवर. १९६९ साली निसानने फेअरलेडी झेड आणली, बाहेरच्या देशांत तिचं नाव डॅटसन २४०झेड. लांब नाक, मागे उतरतं छप्पर, आणि नाकाखाली एका ओळीत सहा सिलिंडर. पुढे तेच इंजिन वाढत वाढत २.८ लिटरचं झालं, आणि १९८१ साली कंपनीनेच त्याला टर्बो लावून १८० हॉर्सपॉवर काढले. तसलं एक इंजिन मी पहिल्यांदा एकट्याने बांधलं. रिंगच्या टोकांमधली फट कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे पाव मिलिमीटरच्या आसपास ठेवली. पुस्तक चुकीचं नव्हतं, ते साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाचं होतं. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवला, उष्णता वाढली, रिंग फुगली, टोकं भिडली. फुगायला जागाच उरली नाही म्हणून रिंग सिलिंडरमध्ये आवळून बसली आणि पिस्टनची कड घेऊन सुटली. आमच्या उस्तादांनी आवाज चढवला नाही. माझ्या हातात फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, दिला आणि म्हणाले, उरलेल्या पाच पिस्टनच्या फटी मोज आणि लिहून काढ.

नंतर सवय लागली. ८६ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, असेल आणि बूस्ट बऱ्यापैकी असेल तर वरच्या रिंगला ०.४३ ते ०.५० मिलिमीटर फट. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवायची, मोजायची, बाहेर काढून बारीक कानशीने एकाच टोकाला घासायची, पुन्हा मोजायची. सहा सिलिंडरला एक अख्खी दुपार जाते. आज मला एवढंच पटवायचंय की जुन्या गाडीला वेगवान करण्याचं काम म्हणजे ही दुपार. टर्बो सगळ्यात शेवटी येतो.

टर्बो करतो काय? सायलेन्सरकडे चाललेल्या तापलेल्या वायूवर एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्यात जादू काही नाही, हवा जास्त आली की पेट्रोल जास्त जाळता येतं. पण हवा दाबली की तापते, आणि इथेच बहुतेक मुलं फसतात.

आपण हिशोब मांडू. ठाण्यातला मे महिना, हवा ३५ अंश. एक बार बूस्ट दिला, म्हणजे दाब दुप्पट झाला. कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला तर बाहेर पडणारी हवा १३० अंशांच्या आसपास तापलेली असते. तापलेली हवा विरळ असते. म्हणून दाब दुप्पट होऊनही सिलिंडरमध्ये हवा जेमतेम दीडपट शिरते. मध्ये चांगला इंटरकूलर, म्हणजे हवा गार करणारा जाळीचा डबा, टाकून तीच हवा ५५ अंशांवर आणली तर पावणेदोनपटीच्या पुढे जाते. बूस्ट तेवढाच, टर्बो तोच. फरक पडला तो समोरच्या जाळीच्या डब्याने. शिवाय हवा गरम असली की ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं, त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो. काचेवर खडे टाकल्यासारखा आवाज. तो आवाज आला आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला नाही, की पिस्टन गेला.

जुन्या डॅटसनमध्ये ही अडचण जास्तच. त्या इंजिनात हवा आत जायची आणि धूर बाहेर पडायची वाट हेडच्या एकाच बाजूला आहे. लालभडक टर्बो अगदी इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या, खाली येतो. मध्ये पत्र्याची आड, टर्बोला उष्णतारोधक कापड, पाइपांना गुंडाळी, हे सगळं करावंच लागतं. पेट्रोलही जरा जास्त द्यावं लागतं. एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे पूर्ण जळण्याचं प्रमाण, पण पूर्ण बूस्टवर आपण साडेअकरा-बाराच्या आसपास राहतो. जास्तीचं पेट्रोल आतून गारवा देतं. इथेनॉल याबाबतीत फार गुणी. वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता ओढून घेतं, नॉकिंगही लांबवतं. पण ते पेट्रोलपेक्षा बरंच जास्त लागतं, म्हणजे इंजेक्टर आणि पंप मोठे हवेत. आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप ते खातं, हे ध्यानात ठेवा.

मग सुप्रा या टोयोटाच्या स्पोर्ट्स गाडीचं इंजिन एवढं नावाजलं का गेलं? त्या इंजिनाचं नाव २जेझेड, तीन लिटरचं, बोअर ८६, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धावही ८६. बिडाचा ब्लॉक, क्रँकला सात बेअरिंगांचा आधार, पिस्टनच्या पोटावर तेलाची पिचकारी, कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचं प्रमाण, ८.५. जपानी कंपन्यांनी तेव्हा आपापसात ठरवलं होतं, २८० च्या वर हॉर्सपॉवर जाहीर करायचे नाहीत. कागदावर २८०, पण लोखंड बांधलं होतं त्याच्या दुप्पट भार पेलण्यासाठी. म्हणून ब्लॉक आणि क्रँक न बदलता माणसं त्यातून सहाशे काढू शकली. याचं श्रेय मी टर्बोला देत नाही, ज्याने तो ब्लॉक आखला त्याला देतो.

आता रस्त्यावर येऊ. ड्रॅगची शर्यत म्हणजे थांबलेल्या गाडीने सरळ रेषेत मारलेली धाव, ४०२ मीटरची, पाव मैल. ताकद दुप्पट केली तर वेळ निम्मी होईल असं वाटतं. होत नाही. वेळ ही वजन भागिले ताकद यांच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे ताकद दुप्पट झाली की वेळ साधारण पाचव्या भागाने कमी होते. १२०० किलोची गाडी १८० हॉर्सपॉवरवर १४ सेकंदांच्या थोडी वर, ३६० वर ११.३ च्या जवळ. निम्म्या वेळेसाठी ताकद आठपट लागेल. म्हणून शर्यतीनंतर हातात येणाऱ्या चिठ्ठीत मी आधी पहिल्या ६० फुटांचा आकडा वाचतो. टायरचा दाब, सस्पेन्शन, क्लच कसा सोडला, सगळं त्या एका आकड्यात असतं. तिथे वाचवलेला सेकंदाचा दहावा भाग शेवटी दीडपट-दुप्पट होऊन परत मिळतो, आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य.

पाम बीच रोडचं नाव मघाशी कुणीतरी घेतलं. मी त्यावर बोलणारच होतो. वाशी ते बेलापूर सरळ, रुंद रस्ता, रात्री मोकळा. मोह होतो, मला कळतं. पण तिथे पहाटे चालायला निघालेली माणसं असतात, कॉलनीतून वळणाऱ्या रिक्षा असतात, आणि ती गाडी थांबवायला तुमच्याकडे मोकळी जागा नसते. अमेरिकेतही हाच प्रश्न होता. पोरं रस्त्यावर शर्यती लावत होती, म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ साली एनएचआरए ही ड्रॅग शर्यतींची संघटना स्थापली आणि शर्यती बंद धावपट्ट्यांवर नेल्या. आपल्याकडेही आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती झाल्या आहेत. तिथे हेल्मेट लागतं, गाडी तपासून मगच सोडतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीला गुन्हा ठरवतं, आणि कलम ५२ प्रमाणे नोंदणीत असलेली गाडी परस्पर बदलता येत नाही. हे दोन्ही कायदे मला योग्य वाटतात. माझ्याकडे रस्त्यावरच्या शर्यतीसाठी गाडी आणली तर मी हात लावत नाही, मग ती कुणाचीही असो.

शेवटचा प्रश्न, त्या मागच्या बाकावरचा. घरी काकांची २००१ सालची होंडा सिटी आहे, टर्बो लावता येईल का? बाळा, आधी काकांना विचार, गाडी त्यांची आहे. ते हो म्हणाले तर ती रबाळ्याला घेऊन ये. बॉनेट उघडून आपण चारही सिलिंडरमधला कम्प्रेशनचा दाब मोजू, प्लग काढून रंग बघू, रेडिएटर आणि क्लच तपासू. चार आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत निघाली, तर त्या दिवशी टर्बोचा विषय निघणार नाही. आधी होनिंग, म्हणजे सिलिंडर आतून घासून घेणं, नव्या रिंगा, आणि ती दुपार तू माझ्यासोबत कानस हातात घेऊन बसायचंस. पिस्टन कुठवर पोचला? पुढे पाठवा.