तिसरी पिन

(नाशिक, पंचवटी. वाड्याच्या दिंडी दरवाजाशी चार्जिंगला लावलेली स्कूटर. कॅमेरा वायरीमागे आत जातो.)

ही वायर चौक ओलांडून माजघरातल्या लाकडी बोर्डापर्यंत जाते. वाड्यात वीज आली तेव्हा दोनच तारा ओढल्या, करंट आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल. दिवे-पंखे त्यावर चालले, आजही चालतात. बोर्डावरच्या सॉकेटला भोकं मात्र तीन आहेत. वरच्या भोकामागे काहीच जोडलेलं नाही.

(प्लग, अगदी जवळून.)

प्लगची वरची पिन अर्थिंगची, म्हणजे जमिनीला जोडायची. खालच्या दोघींपेक्षा जाड आणि लांबही. म्हणून प्लग खोचताना ती आधी टेकते, उपसताना शेवटी सुटते. चार्जरचं इन्सुलेशन बिघडलं किंवा आत पाणी शिरलं, तर गाडीच्या पत्र्यावर आलेला करंट या पिनेतून जमिनीत उतरतो. पिनेमागे तार नसेल, तर तो हात लावणाऱ्या माणसातून उतरतो.

(सातपूर. वर्कशॉपच्या टेबलावर जळालेले प्लग.)

“रात्रभर लावली, सकाळी चाळीस टक्केच. बॅटरी गेली वाटतं.” ही तक्रार घेऊन कुणी आलं, तर बॅटरी उघडण्याआधी त्याचा प्लग बघावा. हा बघा. एक पिन काळीनिळी, भोवतीचं प्लास्टिक मऊ होऊन पिनेवर ओघळलेलं. स्कूटरचा ७५० वॅटचा चार्जर साडेतीन अँपिअरच्या आसपास ओढतो. कारसोबतचा ३.३ किलोवॅटचा पोर्टेबल चार्जर जवळपास १५ ओढतो, तोही सलग सात-आठ तास. मोठा गिझरही जवळपास तेवढाच घेतो, पण तो थोड्या वेळात बंद होतो. सॉकेटची पकड ढिली असेल आणि तिथला रोध ०.१ ओहम धरला, तर १५ अँपिअरला त्या एका जागी साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. ते भिंतीत रात्रभर चालू ठेवल्यासारखंच हे आहे.

वायरीचंही तेच. मीटरपासून पार्किंग ३० मीटरवर असेल, तर १ स्क्वेअर एमएमच्या वायरीत १५ अँपिअरला १६ व्होल्ट वाटेतच जातात. ४ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत चारच जातात. कारसाठी ४ ची वायर, १६ अँपिअरचं आयएसआय सॉकेट, जास्त करंट झाला की पडणारा, म्हणजे वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी, आणि करंट जमिनीत गळला की पडणारा ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी लावा. एक्स्टेंशन बोर्ड मध्ये कुठेच नको. महावितरणकडे चार्जिंगसाठी वेगळं मीटरही मागता येतं.

(गंगापूर रोड. सोसायटीचं पार्किंग. चार्जरवर लाल दिवा.)

या चार्जरला अर्थिंग सापडलं नाही, म्हणून तो गाडी चार्ज करायला तयार नाही. तो बरोबर वागतोय. शेजारच्या सॉकेटवर हाच चार्जर हिरवा होतो. ते सॉकेट उघडलं. न्यूट्रलच्या टर्मिनलवरून अर्थच्या टर्मिनलला बोटभर लाल वायर जोडलेली आहे.

या तुकड्याने चार्जर फसतो. आरसीसीबी मात्र पडू शकतो. मग तोही बायपास केला जातो. आता मीटर रूमपर्यंत कुठेही न्यूट्रल तुटला, अगदी एका ढिल्या स्क्रूपाशी तुटला, की फेज चार्जरमधून फिरून या लाल वायरीवाटे गाडीच्या पत्र्यावर येतो. २३० व्होल्ट. जीव जाऊ शकतो.

हा जुगाड मल्टिमीटरने पकडता येतो. चार्जिंग चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा. लोडवर तिथे एक-दोन व्होल्ट दिसायलाच हवेत. काटेकोर शून्य आलं तर सॉकेट उघडायला लावा. फेज ते अर्थ २३० दिसले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. मीटर करंट ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या अर्थिंगवरही तो २३० दाखवतो. वायरमनला फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा साधा बल्ब लावायला सांगा; आरसीसीबी असेल तर तो पडेल, म्हणून हे आरसीसीबीच्या आधी, मीटरच्या बाजूने, आणि लायसन्सवाल्यानेच करायचं. अर्थिंगचा रोध १०० ओहम असेल तर पस्तीसेक व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि बल्ब मंद दिसतो.

(त्याच सोसायटीच्या कुंपणाजवळ खड्डा खणतात.)

भिंतीपासून दीड मीटर लांब. वरची काळी माती सहज निघते, खाली मुरूम लागतो, पहार वाजायला लागते. नाशिकच्या जमिनीत खडक कुठे लागेल ते खणल्याशिवाय कळत नाही. लागलाच, तर हट्टाने फोडत बसण्यापेक्षा लांब अंतरावर दोन अर्थिंग करून जोडावेत. इथे खोली मिळाली. हा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, अडीच मीटर लांब, ४० मिलिमीटर व्यासाचा, खालच्या भागात १२ मिलिमीटरची भोकं पाडलेला. पाइप ओळंब्यात उभा केला की भोवती कोळसा आणि जाडं मीठ, एकाआड एक, वीतभराचे थर. प्रत्येक थर पाणी टाकून दाबायचा. घाईत एकदम भरलं तर पोकळी राहते, आणि पाइपाला मातीच लागत नाही.

वरच्या टोकाला नरसाळं आणि जाळी. अर्थची तार नुसती गुंडाळायची नाही. तारेच्या टोकाला लग, म्हणजे भोकाची धातूची टोपी, दाबायचा, जीआय बोल्टने आवळायचा, वर पेट्रोलियम जेली. भोवती विटांचं चौकोनी चेंबर आणि झाकण, म्हणजे सांधा पुन्हा उघडून बघता येतो.

(अर्थ टेस्टरचा काटा.)

अर्थिंगचा रोध पाच ओहमच्या खाली आला.

इथून तार पार्किंगच्या सॉकेटपर्यंत आणली. लाल तुकडा काढला, आरसीसीबी पुन्हा लाइनमध्ये घेतला. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर पडला नाही तर बदलायचा. सॉकेटचे स्क्रू सहा महिन्यांनी मेन बंद करून आवळायचे, कारण रोज तापून-थंड होऊन ते ढिले पडतात. चार्जिंगच्या अर्ध्या तासानंतर प्लगवर हाताची पाठ ठेवा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल, तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. जळालेल्या सॉकेटमध्ये नवा प्लग आठवडाभरात काळा पडतो.

(एप्रिलमधलं चित्रण. तीच जागा, काळ्या मातीला हातभर लांब भेगा.)

उन्हाळ्यात काळी माती आक्रसते आणि पाइपापासून सुटते. पाचवरचा काटा तेव्हा वर सरकतो. म्हणून मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत, दर आठवड्याला, या नरसाळ्यातून दोन बादल्या पाणी.