थांबतो कोण?

(गोव्यात फोंड्यातल्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागच्या बाकांपर्यंत आवाज येतोय का? ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी हात वर करा. मी गेली कित्येक वर्षं हा प्रश्न विचारतो आणि कधीच एकही हात वर होत नाही. याचं कारण माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पत्रिकेत विषय छापलाय ‘विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी सामाजिक उद्योजकतेच्या संधी’. साध्या भाषेत, लोकांच्या भल्याचा धंदा. मला चाळीस मिनिटं दिली होती. त्यातली वीस दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ आणि माझा परिचय यांत गेली. परिचयात सांगितलेली निम्मी कामं मी केलेली नाहीत, पण ऐकायला बरं वाटलं, म्हणून मध्ये बोललो नाही. श्रीफळाबद्दल मात्र तक्रार नाही. आजकाल पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, वेळेवर मिळत नाही, त्यामुळे घरी चार माड असूनही मी नारळ व्याख्यानांतूनच मिळवतो. पाडेली हा शब्द लक्षात ठेवा, वेळ उरला तर त्याच्याकडे परत येऊ.

अशा विषयावरच्या स्पर्धांना मला परीक्षक म्हणून बोलावतात. मुलं हुशार असतात, पडद्यावरची चित्रंही सुरेख असतात. आणि दर दुसरा गट एक ॲप घेऊन येतो. मासळीवालीला गिऱ्हाइकाशी जोडणारं ॲप, कुंभाराला पर्यटकाशी जोडणारं ॲप. एकदा मी विचारलं, ‘तुमच्या मासळीवालीचं नाव काय?’ गटातल्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाहणी झाली होती, तक्ते होते, बाई मात्र कुणाला भेटलीच नव्हती. हसू नका, मीही तुमच्याच वयाचा असताना असाच होतो. ॲप नव्हतं, एवढंच.

आता ती गोष्ट. इथल्या प्राध्यापकांनी ती तीनदा ऐकली आहे, त्यांनी चहाची व्यवस्था बघून यावी.

१९८९ साल. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. माझा मित्र सत्तरी तालुक्यातला, वाळपईच्या पुढचा. त्याच्या गावात भिरंडांची, म्हणजे कोकमाची, झाडं अमाप. शिमगा सरला की फळ धरायला लागतं आणि मे महिन्यात झाडाखाली लाल सडा पडतो. बायका फळं फोडून बिया वेगळ्या काढतात, साली उन्हात टाकतात, मग फळाच्याच रसात मीठ घालून त्यात साली बुडवून पुन्हा वाळवतात. असं पुन्हा पुन्हा पुट चढवलं की सोल काळं, मऊ आणि टिकाऊ होतं. बियांचं भिरंडेल काढतात, ते थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात. सगळं काम उन्हावर. आणि ऊन किती दिवस? फळ पिकतं तेव्हा पाऊस दारात उभा असतो. वळवाची एक सर आली की अंगणातल्या सोलांना बुरशी. म्हणून बायका मिळेल त्या भावात माल काढून टाकत.

आम्हा चौघांना वाटलं, मधला दलाल काढून टाकला की झालं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात दलाल हा खलनायक असतोच. आम्ही वही केली, प्रत्येक बाईचं नाव लिहिलं. तेवीस बायका. दलालापेक्षा किलोमागे दीड रुपया जास्त कबूल केला. बायका खूष, आम्ही तर हवेतच. साधारण तीन क्विंटल सोलं गोळा झाली. ‘पैसे पुढच्या रविवारी’ असं मी प्रत्येकीला सांगितलं, कारण पैसे आमच्याकडे नव्हतेच. माल विकून द्यायचे होते.

माल टेम्पोत घालून एका मोठ्या बाजारपेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याकडे नेला. त्याने सोल तोंडात टाकलं, मान डोलावली, भावही चांगला दिला. वजन झालं, चिठ्ठी झाली. मी हात पुढे केला तर म्हणाला, ‘पैसे पंचेचाळीस दिवसांनी. बाजाराची रीत आहे.’ भांडायला आम्ही शिकलो नव्हतो. माल परत न्यायला टेम्पोचं भाडंही नव्हतं.

पुढचा रविवार आला, गेला. मी गावाकडे फिरकलोच नाही. काय तोंडाने जाणार? जुलैत व्यापाऱ्याने पैसे दिले, पुरे दिले, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मी भर पावसात वही आणि नोटा प्लास्टिकमध्ये गुंडाळून वाळपईच्या बसने गेलो. पहिलं घर एका वयस्कर मावशीचं. तिचे एकशे चाळीस रुपये होते. तिने नोटा मोजल्या, पदराला बांधल्या आणि म्हणाली, ‘पुता, पावस पडलो. आतां हे पयशे घेवन हांव खारें खंय सोदूं?’

तुमच्यापैकी जे आज शहरात वाढले त्यांच्यासाठी सांगतो. मेच्या अखेरीला आपल्याकडे घरोघर पुरुमेत भरतात. चार महिने पुरेल इतकी सुकी मासळी, म्हणजे मावशीचं ते खारं, शिवाय मिरची, चिंच, मीठ. पाऊस लागला की होड्या बंद, बाजार महाग, वाटा चिखलाच्या. सोलांचे पैसे हे पुरुमेताचे पैसे होते. तेच एकशे चाळीस रुपये वीस मेला मिळाले असते तर त्यातून घरात खारं आलं असतं. जुलैत ते नुसते कागद होते. त्या वर्षी तिने गावातल्या दुकानदाराकडून उधारीवर चढ्या भावात सामान घेतलं. दलाल किलोमागे दीड रुपया कमी द्यायचा, पण हातावर द्यायचा. म्हणजे आमच्या समाजसेवेने तिचं वर्ष महाग केलं. पुढच्या मेमध्ये तेवीसच्या तेवीस बायकांनी माल दलालाला दिला. त्यांचं बरोबर होतं.

तेव्हापासून कुठल्याही धंद्याकडे पाहिलं की मी एकच प्रश्न विचारतो: यात थांबतो कोण? पैशासाठी वाट बघायचं ओझं कुणाच्या डोक्यावर आहे? नफा किती, भाव किती हे नंतर. जो सगळ्यात गरीब तोच बहुतेक वेळा सगळ्यात जास्त थांबतो.

आणि आपल्याला सुशेगाद म्हणतात! पोर्तुगीज सोसेगादो, म्हणजे निवांत. पर्यटकांच्या कॅमेऱ्यात बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसलेली म्हातारी सुशेगाद दिसते. अहो, ती निवांत नाही, ती कुणाच्या तरी पैशाची वाट बघत बसली आहे!

(प्राध्यापक घड्याळ दाखवताहेत. किती? बारा मिनिटं? बरं.)

जगातली गाजलेली उदाहरणं तपासा, हाच प्रश्न लावून. १९७६ साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात महंमद युनूस यांना बांबूची स्टुलं विणणारी बाई भेटली. बांबूला पैसे नाहीत म्हणून व्यापाऱ्याकडून घ्यायचे आणि स्टूल त्यालाच त्याच्या भावात द्यायचं. गावातल्या अशा बेचाळीस जणांचं कर्ज मिळून किती निघालं? सत्तावीस डॉलर. युनूस यांनी ते खिशातून दिले आणि पुढे १९८३ मध्ये गरिबांना छोटी कर्जं देणारी ग्रामीण बँक उभी राहिली. आपल्या जवळचं बघा. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केलं. तिथे पापड लाटणाऱ्या भगिनीला लाटणावळ रोजच्या रोज देण्याची रीत आहे. पापड विकला जाईपर्यंत ती थांबत नाही, संस्था थांबते. त्या उद्योगाचं सगळं मर्म मला या एका रीतीत दिसतं. जाहिरातीतला ससा नंतरचा.

आता कायद्याकडे. आमच्या वेळी हे नव्हतं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे, तुमचा सूक्ष्म किंवा लघु उद्योग नोंदलेला असेल तर माल घेणाऱ्याने ठरलेल्या दिवशी पैसे द्यायचे, आणि तो दिवस पंचेचाळीस दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करार नसेल तर मुदत पंधरा दिवसांचीच. चुकला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ही नोंदणी, जिला ‘उद्यम नोंदणी’ म्हणतात, ऑनलाइन आणि फुकट आहे, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. गंमत अशी की हा कायदा तुमचं संरक्षण करेल, तुमच्यामागे उभ्या असलेल्या मावशीचं नाही. ती कुठेच नोंदलेली नसते. तिच्यासाठी कायदा तुम्हालाच व्हावं लागेल.

कसं? साधा हिशोब. तुमच्यातल्या तीस जणांनी हजार-हजार रुपये घातले तर तीस हजार होतात. मे महिन्यात सोल तोलल्याबरोबर बाईच्या हातावर पैसे ठेवायचे. व्यापारी पंचेचाळीस दिवसांनी देईल तेव्हा देईल. थांबायचं तुमच्या तीस हजारांनी. तुम्हाला पुरुमेत भरायचं नसतं, तुम्हाला थांबायला परवडतं. जुलैत तेच पैसे मोकळे होतात आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, पुन्हा कामाला लागतात.

चवथीचं सांगतो. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळापानांची जी सजावट बांधतात तिच्यासाठी, कांगलां, माट्टीची फळं अशी रानफळं आणणारे लोक आदल्या दोन दिवसांत फोंड्याच्या, म्हापशाच्या बाजारात बसतात. रोख मिळते, पण चवथीच्या दिवशी उरलेल्या मालाला शून्य किंमत. आठ दिवस आधी घराघरांतून मागण्या घेतल्या आणि आगाऊ अर्धे पैसे रानातून माल आणणाऱ्यापर्यंत पोचवले तर त्याला किती तोडायचं ते कळेल. रानही वाचेल.

बोंडू. काजूची बी विकली जाते, बी गेल्यावर उरलेलं फळ झाडाखाली सडतं. फेणीची भट्टी लांब असेल तर बोंडू तिथवर पोचतच नाही, कारण तो दिवसभरही टिकत नाही. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं, पण बागेतून भट्टीपर्यंतच्या वाहतुकीचं काम कुणी उचलायचं? पिकअप असलेल्या दोन मुलांना सकाळचे चार तास पुरेत.

पाडेली आठवला का? नारळ विकास मंडळाने २०११ पासून यंत्राने माडावर चढायचं प्रशिक्षण सुरू केलं. पोरं आहेत, माड आहेत, पण फोन कुणाला करायचा ते माहीत नाही आणि पाडप झाल्यावर ‘नारळ विकले की देतो’ असं मालक सांगतो. इथेही थांबतो कोण, विचारून बघा. हं, इथे कदाचित खरंच ॲप चालेल. माझा शब्द मागे घेतो.

आणि एक सर्वांत मोठी अडचण, जी कुणी सांगत नाही: तुमच्या परीक्षा. बोंडू मार्च-एप्रिलात, भिरंडं एप्रिल-मेमध्ये, आणि विद्यापीठाचं वेळापत्रकही नेमकं तेव्हाच. आमचा हिशोब निम्मा त्यातच विसकटला होता. म्हणून गट एकाच वर्गाचा करू नका. पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाची मुलं मिसळा, परीक्षा आगेमागे असतील. पदवी घेऊन गेलेल्याने वही खालच्या वर्गाकडे सोपवायची.

नोंदणीचं एका वाक्यात सांगतो, कारण सर उठून उभे राहिले आहेत. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था करायला किमान सात जण लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम ८ ची खासगी कंपनी दोघांतही होते, पण तिचा नफा वाटून घेता येत नाही. पहिल्या मोसमाला यातलं काहीच करू नका. आधी एका बाईला वेळेवर पैसे देऊन बघा, मग सनदी लेखापालाकडे जा.

डिचोलीकडची मुलं दप्तरं उचलताहेत, म्हणजे बसची वेळ झाली. प्रश्न चहाबरोबर घेऊ. १९८९ ची ती वही मी आणली आहे, टेबलावर ठेवतो. चाळून बघा, हिशोबातल्या चुका दाखवल्यात तरी चालेल. फक्त तिच्यावर कप ठेवू नका. मुखपृष्ठावरचा तो गोल डाग याआधीच्या एका व्याख्यानातला आहे.