वि. म. दांडेकर आणि विहिरीजवळचा चौकोन

नमस्कार श्रोतेहो.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या भाऊकाकांच्या वावरात पीक कापणी प्रयोग झाला. पीक सोयाबीनचं. कृषी सहायक टेप, दोरी आणि चार खुंट्या घेऊन आले. वावराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून कागदावरच्या आकड्याप्रमाणे पावलं मोजत निघाले आणि थांबले ते नेमके विहिरीजवळ, जिथं शेंगा गच्च लागलेल्या. काकांचा चेहरा उतरला. "साहेब, इथं नका कापू. तिकडं बरडावर चला, तिथं बघा काय हाल आहेत!" साहेब म्हणाले, "काका, जागा मी कुठं निवडतो? आकडा निवडतो."

दोरी ताणली, चौकोन आखला, तेवढंच कापून मळलं, तोललं. महसूल मंडळात, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटात, असे जेवढे प्रयोग झाले त्यांच्या सरासरीवर सगळ्यांचा विमा ठरायचा होता; सरासरी घसरली तरच भरपाई. आपलं पीक चांगलं आलं म्हणून हळहळणारा शेतकरी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

विम्यात ही सरासरी आणण्याचा आग्रह धरणारे गृहस्थ म्हणजे प्राध्यापक विनायक महादेव दांडेकर. जन्म 1920 चा. शिक्षण संख्याशास्त्राचं, पण आयुष्य गेलं शेतीच्या अर्थशास्त्रात, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत. धनंजयराव गाडगीळांनंतर 1966 साली ते तिथले संचालक झाले.

पीक विम्याची गोष्ट त्यांच्याआधी सुरू झाली होती. 1972-73 मध्ये गुजरातेत एच-4 या संकरित वाणाच्या कापसासाठी एकेका शेतकऱ्याचा विमा उतरवून पाहिला. पुढं तो आणखी काही राज्यांत नेला. 1978-79 पर्यंत विमा घेतला 3,110 शेतकऱ्यांनी, हप्ता जमला 4.54 लाख रुपये आणि भरपाई द्यावी लागली 37.88 लाख. हे गाडं चालणार कसं?

दांडेकरांनी 1976 मध्ये या प्रश्नावर लिहिलं. त्यांचं म्हणणं एखाद्या हिशेबी कारभाऱ्यासारखं होतं. प्रत्येकाच्या बांधावर जाऊन नुकसान मोजायचं, तर मोजणाऱ्यांचा खर्चच भरपाईच्या वर जाईल. शिवाय पाऊस पडला नाही म्हणून पीक गेलं, की खुरपणी केली नाही म्हणून, हे ठरवायचं कुणी? आणि ज्याला पीक जाणारच याची खात्री आहे, तोच विम्याला आधी धावेल. मग एकट्या शेतकऱ्याकडं बघू नका. एकाच प्रकारची जमीन आणि पाऊस असलेला मुलूख एक धरा. तिथलं सरासरी उत्पन्न ठरलेल्या पातळीखाली घसरलं, तर त्या पिकाचा विमा असलेल्या सगळ्यांना त्याच प्रमाणात पैसे द्या. गंमत बघा, यात मेहनती माणसाचं नुकसान नाही. चार पोती जास्त काढली तरी भरपाई त्याला तेवढीच मिळते, त्यामुळं मशागत सोडून देण्यात कुणाचाच फायदा नाही.

याच धर्तीवर 1979 मध्ये प्रायोगिक योजना आली, 1985 मध्ये कर्जाला जोडलेली सर्वंकष पीक विमा योजना आली. 2016 ची पंतप्रधान पीक विमा योजनाही मुळात याच पायावर उभी आहे.

मला विचाराल, तर तर्क बिनतोड आहे; गोची आहे ती मुलखाच्या आकाराची. मंडळाच्या एका टोकाला ढगफुटी आणि दुसऱ्या टोकाला कोरडं, तर सरासरी कुणाचीच राहत नाही. दांडेकरांनी एकसारखा मुलूख म्हटलं होतं. आपण हाताशी असलेल्या महसुली हद्दी उचलल्या.

सरासरीशी दांडेकरांची गाठ आणखी एकदा पडली होती. 1971 च्या जानेवारीत त्यांनी आणि त्यांचे सहकारी नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास छापला. माणसाला दिवसाला 2,250 कॅलरी मिळायला हव्यात, तर 1960-61 च्या भावानं खेड्यात महिन्याला माणशी 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च व्हायला हवा. तेवढाही खर्च न झेपणारे लोक खेड्यात सुमारे 40 टक्के, शहरात 50 टक्के. पुढं संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे त्यांच्यावर तुटून पडले: माणसाची गरज रोज बदलते, सरासरीची रेघ मारून उपाशी कोण ते ठरत नाही! सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, आणि पीक कापणी प्रयोगाची शास्त्रीय घडी बसवणाऱ्यांतले एक. वाद चांगलाच रंगला.

संचालकपद सोडल्यावरही दांडेकर आरामखुर्चीत बसले नाहीत. 1983 मध्ये राज्य सरकारनं त्यांच्याकडं प्रादेशिक असमतोलाचा प्रश्न सोपवला. सिंचन, रस्ते, शाळा, एकेक खातं घेऊन राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागं ते त्यांच्या समितीनं मोजलं. ही तूट, म्हणजेच अनुशेष, भरून काढायचा आकडा निघाला सुमारे 3,186 कोटी रुपये. 'अनुशेष' हा शब्द आज विदर्भ-मराठवाड्यात चहाच्या टपरीवरही ऐकू येतो, तो या 1984 च्या अहवालापासून. 30 जुलै 1995 ला ते गेले.

मधल्या काळात विम्याला इतर वाटा फुटल्या होत्या. गारपीट झाली, पाणी साचलं, की 72 तासांत कळवायचं आणि आपल्याच वावराचा पंचनामा करून घ्यायचा. 2025 च्या खरिपात महाराष्ट्रात शेतकऱ्यानं एक रुपया भरून मिळणारा विमा बंद झाला आणि भरपाई पुन्हा पीक कापणी प्रयोगावर येऊन थांबली.

काकांना हे सांगितलं, तेव्हा ते बैलांना वैरण टाकत होते. हात झटकत म्हणाले, "म्हणजे परत आकडाच की. मग यंदा तेवढा बरडावर पडू दे म्हणावं."