गोलम नेमका केवढा?

नमस्कार मंडळी. आधी एक प्रश्न टाकते, उत्तर मनातल्या मनातच द्या. गोलम केवढा असतो? हॉबिट ह्या पुस्तकातला, तळ्याकाठचा, अंगठीवाला गोलम. तुमच्यापैकी नव्वद टक्के लोकांच्या डोळ्यांसमोर आत्ता सिनेमातला आला असणार, हडकुळा, टकलावर चार केस, लंगोटी लावून चार पायांवर पळणारा. बरोबर? पण हे पुस्तक १९३७ च्या सप्टेंबरमध्ये लंडनला छापून आलं तेव्हा ज्यांनी ते वाचलं त्यांना गोलमची उंची कळायला काहीच मार्ग नव्हता, कारण लेखक टॉल्किनने ती लिहिलीच नव्हती. अंधारासारखा काळा आहे, डोळे मोठे, गोल, फिकट आहेत, होडीत बसून पायांनी वल्हवतो, सगळं सांगितलंय, पण केवढा आहे ते नाही.

आता वाचताना आपलं काही अडत नाही हो. अंधारात कोणीतरी बोलतंय, कोडी घालतंय, हरलास तर खाईन म्हणतंय, भीती वाटायला तेवढं पुरतं. पण चित्रकाराचं अडतं. त्याला कागदावर पुस्तकाच्या नायकाच्या, म्हणजे बिल्बो ह्या हॉबिटच्या शेजारी गोलम काढायचाच आहे, आणि काढायचा म्हणजे तो बिल्बोपेक्षा लहान तरी होणार, मोठा तरी होणार नाहीतर बरोबरीचा तरी. लेखकाने जिथे तोंड मिटलं तिथे चित्रकाराला बोलावंच लागतं. वेगवेगळ्या आवृत्त्यांमधली चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघायला मला जी मजा येते ती ह्यासाठीच, कोणाचं चित्र सुंदर ह्याच्यात मला तेवढा रस नाही, लेखकाने कुठे काय सांगायचं सोडलंय ते ह्या चित्रांमधून बरोब्बर पकडता येतं.

सुरुवात खुद्द टॉल्किनपासून करू, कारण पहिल्या आवृत्तीतली चित्रं त्याचीच आहेत. पेशाने प्रोफेसर, चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही, पण हात चांगला. काळ्या शाईतली चित्रं, दोन नकाशे आणि वरचं कव्हर, सगळं त्याने स्वतः केलं. कव्हरवर डोंगर, जंगल, एका बाजूला चंद्र, एका बाजूला सूर्य, वर ड्रॅगन. आणि सूर्य आणि ड्रॅगन त्याला लाल हवे होते. मूळ चित्रात ते लाल आहेतच. पण प्रकाशक म्हणाला एक रंग वाढला की छपाईचा खर्च वाढतो, त्यामुळे काळा, निळा, हिरवा आणि कागदाचा पांढरा एवढ्यावरच भागवलं. लाल रंग त्या कव्हरवर यायला पुढे कित्येक वर्षं गेली, टॉल्किन जाऊनसुद्धा बराच काळ लोटला होता. म्हणजे पहिल्या प्रतीचं कव्हर आणि आत्ताच्या प्रतीचं कव्हर ह्यात जो फरक दिसतो त्यात कलेचा काही संबंध नाही, निव्वळ पैशांचा मामला.

मग अमेरिकेतल्या प्रकाशकाला रंगीत चित्रं हवी झाली. टॉल्किनने पाच जलरंगातली चित्रं काढून दिली. आणि गंमत बघा, इंग्लंडच्या दुसऱ्या छपाईत त्यातली चार लागली आणि अमेरिकेच्या १९३८ च्या आवृत्तीतही चारच, पण तीच चार नाही! इंग्लंडने गरुडाचं चित्र गाळलं, अमेरिकेने पिंपावर बसून नदीतून येणाऱ्या बिल्बोचं गाळलं. एकच लेखक, एकाच हाताची चित्रं, आणि तरी अटलांटिकच्या दोन्ही बाजूंची पोरं वेगवेगळं पुस्तक बघत होती.

ते गरुडाचं चित्र जरा नीट बघा. बिल्बो सकाळी डोळ्यावर ऊन येऊन जागा होतो, शेजारी प्रचंड गरुड. (गरुड त्याने पक्ष्यांच्या एका पुस्तकातल्या सोनेरी गरुडाच्या चित्रावरून उचललाय.) आता बिल्बोच्या पायांकडे बघा. बूट! हॉबिट लोक अनवाणी असतात, पावलांवर दाट केस असतात, हे पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर आहे, आणि लेखकाने स्वतः काढलेल्या चित्रात बिल्बोच्या पायात काळे बूट. अमेरिकन प्रकाशकाने हॉबिट नक्की दिसतो कसा असं विचारलं तेव्हा टॉल्किनने पत्रात सविस्तर वर्णन पाठवलं, पोट सुटलेलं, पाय आखूड, चेहरा गोल हसरा, कान किंचित टोकदार, उंची तीन-साडेतीन फूट, आणि मग बुटांवर आला. म्हणाला, बूट मिळाल्याचा उल्लेख पुस्तकात नाहीये खरा, पण असायला हवा होता, रिव्हेन्डेलला, वाटेतल्या एल्फ लोकांच्या मुक्कामी, मिळाले ते, फेरलिखाणात तो भाग कुठेतरी गळला. म्हणजे चित्र बरोबर आणि पुस्तक चूक! त्याच पत्रात अजून एक कबुली आहे. ड्रॅगन सोन्याच्या ढिगावर पसरलाय त्या चित्रात बिल्बो फारच मोठा झालाय आणि भलत्याच ठिकाणी जाड झालाय, हे त्याला मान्य, पण लगेच सारवासारव अशी की तो तिथे अदृश्य आहे ना, म्हणजे तो खरं तर वेगळ्याच चित्रात आहे, माझ्या मुलांना कळतं हे. मला हे भयंकर आवडतं, कुठल्याही बापाने मारावी अशी थाप आहे ही.

पण हाच माणूस दुसऱ्यांच्या चित्रांबाबत मात्र कडक. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये होरस एंगेल्स नावाच्या जर्मन चित्रकाराने नमुने पाठवले, तर टॉल्किनची तक्रार काय, की फार डिस्नेछाप आहेत, बिल्बोचं नाक गळतंय आणि जादूगार गॅन्डाल्फ नुसता हसण्यावारी नेलाय, मला तर तो नॉर्स पुराणांतल्या ओडिन देवासारखा भटका वाटतो. तरी १९५७ ला जर्मन आवृत्ती आली ती एंगेल्सच्याच चित्रांनी.

आता स्वीडन. ह्या भाषणात माझा खरा जीव इथे आहे. १९६२ ला नवीन स्वीडिश भाषांतर आलं आणि चित्रांसाठी बोलावलं टोव्हे यान्सनला, मुलांच्या मूमिन गोष्टींवाली. बोलावणारी कोण, तर अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन, जी तेव्हा त्या प्रकाशनात संपादक होती, म्हणजे बालसाहित्यातल्या दोन दिग्गज बायका एका इंग्रज प्रोफेसरचं पुस्तक सजवायला बसल्या. आणि यान्सनने गोलम काढला. काळाकभिन्न, अवाढव्य, डोंगराएवढा म्हणा ना, डोक्यावर पाल्याचं कडं, आणि त्याच्यासमोर बिल्बो एवढुस्सा, हातातली तलवार म्हणजे टाचणी. तिच्या सगळ्याच चित्रांत निसर्ग भला मोठा आणि माणसं बारकी आहेत, वादळ, कडे, झाडं ह्यांच्यातच तिला खरी गोडी, त्यामुळे तिचा गोलम पण मला त्या गुहेचाच एक तुकडा सुटून आल्यासारखा वाटतो. टॉल्किनच्या चाहत्यांनी नाकं मुरडली. हा आमचा गोलम नाही म्हणे.

मला विचाराल तर यान्सनची काडीची चूक नाही. तिने पुस्तकाविरुद्ध काही काढलेलंच नाही, पुस्तक गप्प होतं आणि तिने तिच्या मनातलं बोलून टाकलं. आणि गोलमला राक्षसाएवढा करणारी ती एकटी नव्हतीच, इतर देशांतल्या आवृत्त्यांमध्येही तो असाच फुगत चालला होता. तेव्हा टॉल्किनच्या लक्षात आलं की भोक आपल्याच कापडाला आहे. १९६६ च्या सुधारित आवृत्तीत गोलम पहिल्यांदा येतो त्या वाक्यात त्याने मोजकेच शब्द घातले, लहानसा, बुळबुळीत प्राणी. झालं. तेव्हापासून गोलम लहान आहे. आज आपण सिनेमातला गोलम बघून हाच खरा म्हणतो ना, त्याचं माप चुकीच्या ठरवल्या गेलेल्या चित्रांमुळे पुस्तकात शिरलंय. चित्रं पुस्तकावरून निघतात असं आपण धरून चालतो, इथे पुस्तक चित्रांच्या मागून सुधारत गेलंय.

आता ही १९६६ ची सुधारित आवृत्ती निघालीच का, त्याच्यामागे वेगळंच रामायण आहे. अमेरिकेतल्या कॉपीराइटच्या नियमांमध्ये एक फट सापडली आणि १९६५ मध्ये एस बुक्स ह्या प्रकाशनाने टॉल्किनचं हॉबिटनंतरचं पुस्तक, लॉर्ड ऑफ द रिंग्ज, त्याला न विचारताच पेपरबॅकमध्ये काढलं, ७५ सेंटला. अधिकृत प्रकाशकांची धावपळ उडाली, टॉल्किन कॉपीराइट पक्का करायला दोन्ही पुस्तकांचा मजकूर सुधारायला बसला, आणि बॅलेन्टाइनने घाईघाईत ९५ सेंटची अधिकृत पेपरबॅक आणली. त्या घाईत कव्हर करायला दिलं बार्बरा रेमिंग्टन ह्या चित्रकर्तीला, तिला पुस्तक वाचायलाही वेळ मिळाला नाही, मित्रमंडळींकडून ऐकून ऐकून तिने रंगवलं. हॉबिटच्या कव्हरवर काय काय आलं माहितीये? डोंगर ठीक आहे, पण खाली दोन एमू पक्षी, एक सिंह, आणि पुढे एक झाड ज्याला गुलाबी गोळे लटकलेत.

टॉल्किन उखडलाच. ही कुठली जागा, एमू कशाला, आणि ते गुलाबी काय आहे? मग प्रकाशनातल्या बाईंशी फोनवर बोलणं झालं तर त्या बाई, एखाद्या मंद माणसाला समजवावं तशा सुरात, की ते ख्रिसमस ट्री सुचवायला आहे! त्याने प्रकाशकाला लिहिलंय की आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात कोंडल्यासारखं वाटायला लागलंय. शेवटी पुढच्या छपाईत सिंह गेला, एमू राहिले. आणि ह्याच रेमिंग्टनची लॉर्ड ऑफ द रिंग्जची तीन कव्हरं शेजारी ठेवली की एक सलग चित्र होतं, त्याचं पोस्टर निघालं आणि अमेरिकेतल्या कॉलेजच्या हॉस्टेलांच्या भिंतींवर जाऊन बसलं. लेखकाला डोक्याला ताप झालेलं चित्र तिथल्या एका अख्ख्या पिढीचं मिडल-अर्थ, म्हणजे टॉल्किनच्या गोष्टींची दुनिया, झालं. रेमिंग्टनने नंतर पुस्तक वाचलं, तिला ते फार आवडलं, आणि आधी वाचलं असतं तर असं काढलंच नसतं असं तिनेच सांगितलं. मला मात्र ते एमू बिचारे आवडतात.

रशियाचं पटकन सांगते. लेनिनग्राडला १९७६ ला हॉबिट आलं, चित्रं बेलोमलिन्स्कीची, आणि त्याचा बिल्बो म्हणजे हुबेहूब येवगेनी लिओनोव, तिथला लाडका विनोदी नट, सोव्हिएत कार्टूनमधल्या विनी द पूला आवाज दिला होता तोच. गोलमटोल, गोड, एकदम जमलाय. आणि डेन्मार्कच्या राजकन्येने, जी पुढे राणी मार्गारेथे झाली, तिने १९७० च्या सुमारास टॉल्किनला स्वतः काढलेली लॉर्ड ऑफ द रिंग्जची चित्रं पाठवली होती, ती त्याच्या शैलीच्या इतकी जवळ होती की त्यालाच नवल वाटलं, ती टोपणनावाने, एरिक फ्रेझर ह्या चित्रकाराने नव्याने रेखाटून, १९७७ च्या फोलिओ सोसायटीच्या आवृत्तीत आहेत.

नंतर आले अ‍ॅलन ली आणि जॉन हाऊ. लीची लॉर्ड ऑफ द रिंग्जची पन्नास जलरंगी चित्रं १९९१ ची, धुकं, दगड, ओली झाडं, आणि चेहरे शक्यतो लांबून. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पण मग दिग्दर्शक पीटर जॅक्सनने सिनेमासाठी दोघांनाही न्यूझीलंडला नेलं, लीला तर २००४ ला ऑस्करही मिळालं, आणि कागदावर लांब ठेवलेल्या त्या माणसांना सिनेमात नटांचे चेहरे चिकटले ते चिकटलेच. आता नवीन चित्रकाराने गोलम काढायला घेतला की त्याची लढाई पुस्तकाशी कमी आणि सिनेमाशी जास्त. यान्सनएवढा मोकळा हात आज कोणाला मिळेल असं मला वाटत नाही.

एक चित्र राहिलं. लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये मोरियाच्या खाणीत बुटक्यांची रक्ताने माखलेली, जळकी वही सापडते ना, गॅन्डाल्फ वाचून दाखवतो ती? टॉल्किनने त्या वहीची तीन पानं खरोखर बनवली होती. अक्षरं काढली, कडा स्वतःच्या पाइपने जाळल्या, शिवण उसवल्यासारखी भोकं पाडली, रक्तासाठी लाल रंग लावला. १९५४ ला प्रकाशक म्हणाला रंगीत परवडत नाही, आणि पानं बाहेर राहिली. पुस्तकात लागली ती पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तीत, २००४ ला. तिन्ही पानं शेवटच्या स्लाइडवर लावलीयेत, मागे बसलेल्यांना जळकी कड दिसणार नाही तेव्हा पुढे या, आणि प्रश्न असतील ते इथेच विचारा.