मानसशास्त्रातल्या संशोधन पद्धती: मास्टर्सचा पहिला तास सुरू होण्याआधी

नमस्कार. मानसशास्त्राच्या संशोधन पद्धतींमध्ये मास्टर्स करायचं ठरवलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "माझं गणित कच्चं आहे, जमेल का?" जमेल. बेरीज-वजाबाकी, वर्गमूळ आणि आलेख वाचता येत असेल, तर सुरुवातीला तेवढं पुरतं. या विषयात खरी अडचण वेगळीच असते. योगायोग आपल्याला किती सहज फसवतो, याचा आपल्याला अंदाज नसतो. म्हणून तयारी तिथूनच सुरू करा, असं मी आग्रहाने सांगेन.

आर ही संगणकभाषा मोफत मिळते, ती उतरवून घ्या. सगळी शिकायची गरज नाही, एकच प्रयोग करायचा आहे. संगणकाला 40 यादृच्छिक आकडे तयार करायला सांगा. त्यातले 20 एका गटात टाका, 20 दुसऱ्या. हे गट म्हणजे काल्पनिक माणसं, आणि त्यांच्यात खरा फरक शून्य आहे. तो शून्य आहे हे आपल्याला पक्कं माहीत आहे, कारण आकडे आपणच बनवलेत. आता टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी चाचणी, लावा. आणि हेच सगळं 1000 वेळा करा.

साधारण 50 वेळा टेस्टमधून मिळणारा पी-व्हॅल्यू हा आकडा 0.05 च्या खाली, म्हणजे "फरक सापडला" असं मानायच्या प्रचलित मर्यादेखाली, येईल. म्हणजे जवळपास 50 "शोध", आणि त्यातला एकही खरा नाही.

हा आकडा स्वतःच्या स्क्रीनवर उमटताना बघितला की पी-व्हॅल्यूची व्याख्या पाठ करावी लागत नाही. मुळात फरक नसतानाही, निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, एवढाच तिचा अर्थ. "माझा अंदाज बरोबर असण्याची शक्यता 95 टक्के" असा अर्थ ती कधीच देत नाही. शिकलेली माणसंही इथे चुकतात, म्हणून मी थांबून सांगतोय.

आता एक पायरी पुढे जा. फरक दिसला नाही तर प्रत्येक गटात आणखी 10 आकडे घाला आणि पुन्हा टेस्ट लावा. किती निरुपद्रवी वाटतं ना? पण खोट्या निकालांचं प्रमाण 5 टक्क्यांवरून पावणेआठच्या आसपास जातं. 2011 मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन या तिघा संशोधकांनी असल्या चार सवलती एकत्र घेतल्या तर काय होतं ते तपासलं. प्रमाण जवळपास 61 टक्क्यांवर गेलं! एक ठरावीक गाणं ऐकल्याने माणसाचं वय सुमारे दीड वर्षाने कमी होतं, हेही त्यांनी आकडेवारीनिशी "सिद्ध" करून दाखवलं. ऐकल्यावर तरुण वाटतं असं नव्हे, जन्मतारखेनुसार वय कमी! अशक्य गोष्टही रीतसर पद्धतीने सिद्ध होऊ शकते, हे त्यांना दाखवायचं होतं.

या सवलती घेणारी माणसं लबाड असतात असं समजू नका. डेटा समोर आल्यावर निर्णय घेतले, की प्रामाणिक माणूसही नकळत आपल्याला हव्या त्या उत्तराकडे सरकतो. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून बघितले गेले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांमध्ये निकाल सार्थक होता, म्हणजे पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली होती; पुन्हा केल्यावर तो फक्त 36 टक्क्यांमध्ये आला. त्यामागे कारणं अनेक असतील, पण आज प्रश्न, नमुन्याचा आकार आणि विश्लेषण आधी लिहून नोंदवण्यावर एवढा भर का आहे, ते यातून कळतं.

नमुन्याच्या आकारावरून आठवलं. "30 माणसं पुरतात" हे वाक्य विसरून जा. दोन गटांत मध्यम फरक असेल, म्हणजे फरक किती मोठा आहे हे सांगणाऱ्या कोहेनच्या मापाने 0.5, आणि तो सापडण्याची शक्यता 80 टक्के हवी असेल, तर प्रत्येक गटात 64 माणसं लागतात. फरक 0.2 असेल तर सुमारे 393. आता तुमच्या प्रबंधाचा विषय या आकड्यांशेजारी ठेवून बघा.

मोजमापाचा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो, आणि तयारीत नेमका तोच राहून जातो. "ताण" मोजायची प्रश्नावली घ्या. क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, 0.9 आला की आपण खूश होतो. पण "मला झोप लागत नाही", "रात्री डोळा लागत नाही", "झोप येत नाही" असे एकाच अर्थाचे प्रश्न घातले तरी अल्फा चढतोच. प्रश्न एकमेकांशी जुळले, एवढंच त्यातून कळलं. तुम्ही ताण मोजलात की निद्रानाश, हे अल्फा सांगत नाही. ते प्रत्येक वाक्य वाचून, विचार करूनच ठरवावं लागतं.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या आवडीच्या विषयावरचा एक पेपर घ्या आणि निकालाचा भाग झाकून ठेवा. फक्त पद्धतीचा भाग वाचा आणि एका कागदावर लिहा: किती माणसं होती, काय मोजलं, कोणती तुलना आधीपासून ठरलेली होती, आणि कोणता निकाल आला असता तर लेखकांनी "आमचा अंदाज चुकला" असं मान्य केलं असतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही, तर ती जागा कोरी ठेवा. मग निकाल उघडा.