काटा तीसवर का जात नाही? : गाडीच्या एसीसाठी व्हॅक्यूम पंप आणि गेजची निवड

(दृश्य : महामार्गालगतचे गॅरेज, उघडे बॉनेट, कंडेन्सरवर साचलेली धूळ)

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. मार्च महिना लागला की या रस्त्यांवरच्या गॅरेजांमध्ये एसीच्या कामांची रीघ लागते. आजवर ही कामे मुख्यतः मोटारींची असत. मात्र १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातील, म्हणजे साडेतीन टनांहून जड मालमोटारींच्या केबिनला एसी सक्तीचा झाला असल्याने, आतापर्यंत इंजिन आणि वायरिंगपुरते काम करणारे अनेक मिस्त्री यापुढे व्हॅक्यूम पंप (गॅस भरण्याआधी एसीतली हवा आणि ओलावा ओढून काढणारा पंप) आणि गेज (दाब मोजणारे यंत्र) विकत घेण्याच्या विचारात पडतील. दुकानात त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो तो "किती सीएफएमचा पंप पाहिजे?" हा. सीएफएम म्हणजे पंप मिनिटाला किती घनफूट हवा ओढतो तो आकडा. आमच्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. खोल निर्वात मोजणार कशाने, हे आधी ठरायला हवे.

गाडीचा एसी उघडला की त्यात हवा शिरते आणि हवेबरोबर ओलावाही शिरतो. कंडेन्सरमध्ये, म्हणजे एसीचा गॅस थंड होऊन द्रव बनतो त्या जाळीत, हवा द्रवरूप होत नाही. ती जागा अडवून बसते आणि दाब वाढवते. ओलावा याहून वाईट, कारण तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (गॅसचा दाब एकदम उतरवणाऱ्या अरुंद झडपेच्या) तोंडाशी गोठू शकतो, आणि गॅस व तेल यांच्याशी त्याची प्रक्रिया होऊन तयार होणारे आम्ल कंप्रेसरचे आतले भाग खाते. आर-१३४ए या गॅसवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या कंप्रेसरमधील पीएजी नावाचे तेल तर हवेतले पाणी स्वतःहून ओढून घेते. म्हणूनच श्रावणातल्या दमट हवेत रात्रभर उघडा राहिलेला पाईप पुढे बराच त्रास देतो.

साचलेले पाणी पंप द्रवरूपात ओढत नाही. आतला दाब इतका उतरावा लागतो की पाणी आहे त्याच तापमानाला उकळेल आणि त्याची वाफ बाहेर येईल. ४० अंश सेल्सिअसला हा दाब साधारण ५५ मिलिमीटर पारा असतो, तर १० अंशांना तो ९ मिलिमीटरच्या आसपास येतो. खान्देशचा उन्हाळा सगळ्यांना नकोसा असला तरी या एका कामात तो मिस्त्रीच्या बाजूने असतो. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात, सकाळी थंड पडलेल्या गाडीवर तेच काम करताना मात्र पंपाला बरेच खोल उतरावे लागते.

(दृश्य : निळ्या गेजची तबकडी, जवळून, काटा २९ च्या किंचित अलीकडे स्थिर)

"काटा तीसवर जास नही, पंप गया," ही तक्रार या भागात नेहमी ऐकू येते. पडद्यावरचा हा काटा पाहा. निळे गेज कमी दाबाच्या बाजूचे, आणि निर्वात ते इंच पाऱ्यात दाखवते. तबकडीवर ३० चा आकडा असला तरी समुद्रसपाटीवर पूर्ण निर्वातालाही काटा २९.९२ इंचांपर्यंतच जातो. धुळे समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथला हवेचा दाब मुळातच तीनेक टक्क्यांनी कमी आहे, आणि मे महिन्यात तो आणखी थोडा उतरतो. त्यामुळे उत्तम पंप लावला तरी इथे काटा २९ च्या आसपासच थांबणार. त्यात पंपाचा दोष नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. खोल निर्वात मायक्रॉनमध्ये, म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. एक इंच पारा म्हणजे २५,४०० मायक्रॉन. थंडीत पाणी उकळवणारा ९ मिलिमीटरचा दाब म्हणजे सुमारे ९,००० मायक्रॉन, आणि तबकडीवर हे अंतर जेमतेम एक तृतीयांश इंचाएवढे दिसते. चांगल्या कामासाठी ५०० मायक्रॉनपर्यंत उतरावे असा दंडक आहे. ते अंतर तर काट्याच्या जाडीतच लपून जाते. म्हणजे ज्या गेजकडे पाहून "व्हॅक्यूम झाला" असे म्हटले जाते, त्या गेजला ओलावा गेला की राहिला हे सांगताच येत नाही. अर्धा तास पंप चालवण्याचा रिवाजही याच आंधळेपणातून आला असावा.

यावर उपाय म्हणजे डिजिटल मायक्रॉन गेज. ते पंपाजवळ न लावता, शक्य तितके गाडीच्या बाजूला लावावे. पंपाजवळचा आकडा नेहमीच खुशामत करणारा असतो. आकडा ५०० च्या खाली आला की पंप आणि गाडी यांच्यामधला व्हॉल्व्ह बंद करून पंप वेगळा करावा आणि दहा मिनिटे आकड्यावर नजर ठेवावी. आकडा चढून हजार-दीड हजाराच्या आसपास थांबला, तर आत ओलावा किंवा तेलात मुरलेला गॅस शिल्लक आहे. तो न थांबता चढतच राहिला, तर कुठेतरी लीक आहे. गॅस भरण्याआधी या गेजकडचा व्हॉल्व्ह बंद करून ते वेगळे करावे, कारण दाब आणि तेल या दोन्हींनी त्याचा सेन्सर बिघडतो.

(दृश्य : दुकानातील मांडणी, एकल आणि दुहेरी टप्प्याचे पंप शेजारी शेजारी)

आता पंपाकडे येऊ. जुन्या फ्रीजचा कंप्रेसर पंप म्हणून जुंपण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. काटा खाली नेण्यापुरता तो चालतो, पण खोल निर्वात त्याच्याकडून होत नाही, शिवाय ओढलेले पाणी त्याच्याच तेलात मुरते आणि ते तेल सहज बदलताही येत नाही. विकत घ्यायचाच तर दुहेरी टप्प्याचा, म्हणजे एकामागे एक दोनदा हवा ओढून अधिक खोल उतरणारा पंप घ्यावा. सीएफएमच्या मोठ्या आकड्यांना भुलण्याचे कारण नाही. मोटारीच्या एसीत गॅस बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास असतो आणि आतली पोकळीही लहानच असते, त्यामुळे ३ ते ४ सीएफएम पुरेसे होतात. त्यापुढे वेळ खातो तो पाव इंची होज (जोडणारी रबरी नळी). नळीचा व्यास दुप्पट केला तर सुरुवातीच्या टप्प्यात तिची वहनक्षमता सोळापटींपर्यंत वाढते, म्हणून पंप मोठा घेण्याऐवजी पंपाकडे जाणारा होज जाड आणि आखूड घेणे अधिक शहाणपणाचे.

पंपावर गॅस बॅलास्टची, म्हणजे पंपात थोडी बाहेरची हवा सोडणाऱ्या झडपेची सोय आहे का, ते पाहावे. पहिली काही मिनिटे ती झडप उघडी ठेवली की वाफेचे तेलात पाणी न होता ती बाहेर पडते. तेल दुधाळ दिसू लागले की पंप गरम असतानाच बदलावे.

आणखी एक गोष्ट या भागात विसरून चालणार नाही. काम चालू असताना वीज गेली, तर गाडीतला निर्वात पंपातले तेल उलट दिशेने ओढून घेऊ शकतो. त्यामुळे वीज जाताच आपोआप बंद होणारा उलट-प्रवाह रोधक व्हॉल्व्ह असलेला पंपच घ्यावा. उन्हाळ्यात दुपारी वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि प्रत्येक वेळी मिस्त्री पंपाशेजारी उभा असेलच असे नाही.

मॅनिफोल्ड गेज, म्हणजे कमी दाबाचे निळे आणि जास्त दाबाचे लाल अशा दोन गेजांचा संच, निवडतानाही ऊन हिशेबात धरावे. ४५ अंशांत उभ्या असलेल्या, बंद गाडीत आर-१३४ए चा दाब दोन्ही बाजूंना सुमारे १५० पीएसआय असतो. निळ्या गेजवरचे नेमके आकडे बहुधा १२० पर्यंतच असतात, म्हणून त्यापुढचा जादा दाब काटा न बिघडता सोसणारे गेज निवडावे. एसी चालू असताना लाल गेज २६० ते २९० दाखवू लागले, म्हणून गॅस जास्त झाला असे लगेच समजू नये. कंडेन्सर बाहेरच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी गरम असतो आणि हा दाब त्याच हिशेबातला आहे. थंड प्रदेशातील तक्ता पाहून इथल्या गाडीतला गॅस कमी करणारे मिस्त्री आहेत, आणि त्या गाड्या चार दिवसांत परत येतात. काही नव्या गाड्यांमध्ये आर-१२३४वायएफ हा गॅस असतो. त्याचे कप्लर (गाडीला होज जोडण्याचे तोंड) वेगळे असतात आणि तो सौम्य ज्वलनशीलही आहे, त्यामुळे त्याचा संच स्वतंत्रच ठेवावा.

पंप घेताना दुकानातच एक चाचणी करून घ्यावी. मायक्रॉन गेज थेट पंपाच्या तोंडाला लावून पंप चालू करावा. काही मिनिटांत आकडा १०० च्या खाली उतरला पाहिजे. उतरला नाही, तर आधी ताजे तेल घालून पुन्हा पाहावे, आणि तरीही उतरला नाही तर दुसरा पंप मागावा.