पंगतीबाहेरचा थोरला

[दृश्य: धोबी तलाव, सकाळ. महापालिका मार्गावरून दिसणारं रंगभवन.]

या आवारात एकेकाळी गिटारी वाजायच्या. रंगभवन, उघड्यावरचं नाट्यगृह. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक संगीताचा महोत्सव अनेक वर्षं इथे व्हायचा. काळे टी-शर्ट घातलेली पोरं दुपारपासून बाहेर उभी असायची आणि ऑगस्टचा पाऊस त्यांना धुऊन काढायचा. बाजूला कॉलेज, जवळपास हॉस्पिटलं. पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले आणि इथला आवाज बंद झाला.

आमचं घर ठाकूरद्वारला. इथून चालत पंधरा मिनिटं. पण आजची गोष्ट ना रंगभवनाची, ना माझी. ती आहे अमेरिकेत न्यू जर्सीतल्या 'ओव्हरकिल' नावाच्या एका मेटल बँडची. तो १९८० साली सुरू झाला आणि अजून थांबलेला नाही.

[दृश्य: टेबलावर एक जुनी कॅसेट. लेबलावर निळ्या बॉलपेनचं अक्षर.]

मी सातवी-आठवीत असेन. चुलतभाऊ कॉलेजातून एक कॅसेट घेऊन आला. कोरी कॅसेट, कुणाकडून तरी भरून घेतलेली. एका बाजूला मेटॅलिका, दुसऱ्या बाजूला नुसतं 'ओव्हरकिल'. मूळ प्रत कुणाची, कुठून आली, काही पत्ता नाही. तेव्हा असंच चालायचं. एकाकडे खरी कॅसेट, दहा जणांकडे तिची नक्कल आणि दर नकलेत खरखर थोडी वाढलेली.

मेटॅलिकाची बाजू घरात चालवून घेतली गेली. दुसरी बाजू लावली आणि बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले. म्हणाले, "याचं बोट दारात सापडलंय का?"

बोट सापडलेल्या त्या माणसाचं नाव बॉबी एल्सवर्थ. सगळे त्याला ब्लिट्झ म्हणतात.

[दृश्य: न्यू जर्सीचा नकाशा.]

न्यू जर्सी म्हणजे न्यूयॉर्कच्या नदीपलीकडचा भाग. आपल्याकडे दादरचा माणूस खाडीपलीकडच्यांबद्दल ज्या सुरात बोलतो, साधारण त्याच सुरात न्यूयॉर्कवाले न्यू जर्सीबद्दल बोलतात. तिथे एक पंक बँड फुटला. त्यातले दोघं, बास वाजवणारा डी. डी. वर्नी आणि ड्रमर रॅट स्केट्स, नवी माणसं जमवायला निघाले. गायक म्हणून ब्लिट्झ मिळाला. नाव उचललं मोटरहेड या ब्रिटिश बँडच्या १९७९ च्या अल्बमवरून. सुरुवातीला वाजवायचे ते दुसऱ्यांचीच गाणी. जूडास प्रीस्ट, रामोन्स, अर्थात मोटरहेड. म्हणजे हेवी मेटल आणि पंक एकाच ताटात. थ्रॅश नावाचा पदार्थ पुढे शिजला तो याच दोन जिनसांतून. मेटलची गिटार घ्यायची, पंकची घाई घ्यायची आणि दोन्हींचा वेग शक्य तेवढा वाढवायचा.

थ्रॅशच्या इतिहासात 'बिग फोर' म्हणजे मोठे चार ठरलेले आहेत. मेटॅलिका, मेगाडेथ, स्लेयर, अँथ्रॅक्स. आता सन बघा. मेटॅलिका, स्लेयर आणि अँथ्रॅक्स १९८१ चे. मेगाडेथ १९८३ चा. ओव्हरकिल १९८० चा. पंगतीत न बसलेला हा पाचवा वयाने चौघांपेक्षा थोरला आहे. इतकंच काय, पुढे अँथ्रॅक्समध्ये नाव काढणारा गिटारवादक डॅन स्पिट्झ आधी काही काळ ओव्हरकिलमध्ये होता. (एक्सोडसचे चाहते आता हात वर करतील. हो, तो त्याहूनही जुना. त्याच्यावर वेगळा व्हिडिओ करू.)

मग थोरला मागे कसा राहिला?

[दृश्य: जुन्या बाजारातलं रेकॉर्डचं दुकान, रेखाटन.]

न्यू जर्सीतच, ईस्ट ब्रन्सविकच्या जुन्या बाजारात, जॉन आणि मार्शा झाझुला हे नवरा-बायको रेकॉर्डचं दुकान चालवायचे. त्यांच्या हाती कॅलिफोर्नियातल्या एका अनोळखी बँडची टेप लागली. त्यांनी त्या पोरांना पूर्व किनाऱ्यावर बोलावून घेतलं. कुठलीच कंपनी रेकॉर्ड काढेना, तेव्हा स्वतःच कंपनी काढली, मेगाफोर्स. ती पोरं म्हणजे मेटॅलिका, साल १९८३. ओव्हरकिल याच दुकानाच्या अंगणातला बँड, पण त्यांचा पहिला अल्बम 'फील द फायर' याच मेगाफोर्सकडून आला तो १९८५ मध्ये. तोवर मेटॅलिकाचे दोन अल्बम होऊन गेले होते.

मग उजाडलं १९८६. मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स', स्लेयरचा 'रेन इन ब्लड', मेगाडेथचा 'पीस सेल्स', तिन्ही त्याच एका वर्षात. थ्रॅशची पानं वाढली गेली ती तेव्हा. ओव्हरकिलचा त्या वर्षी अल्बमच नाही. अँथ्रॅक्सचाही नव्हता म्हणा, पण त्यांच्या मागे मोठी कंपनी आधीच उभी होती. ओव्हरकिलचा दुसरा अल्बम 'टेकिंग ओव्हर' १९८७ चा. त्याच्या वेळी अटलांटिकसारखी बडी कंपनी सोबत आली खरी, पण तोवर यजमानांनी 'बसा, बसा' म्हणून झालं होतं.

[दृश्य: बास गिटारच्या तारा, अगदी जवळून.]

आता जरा कानाकडे येऊ. थ्रॅशचा गिटारवादक उजव्या हाताचा तळवा तारांवर हलका टेकवून ठेवतो आणि फटके वरून खाली, बहुतेक सगळे एकाच दिशेने मारतो. त्यामुळे सूर घुमत नाही, तुटून पडतो. ड्रमर दोन्ही पायांनी खालचा मोठा ड्रम वाजवतो. ढोल-ताशाशी तुलना करायचा मोह इथे प्रत्येक मराठी निवेदकाला होतो. मलाही झाला. पण ती खरी नाही. ताशा घोळवत नेतो, थ्रॅश कापत नेतो.

बऱ्याच थ्रॅश बँडांत बास गिटार ऐकूच येत नाही. गिटारीखाली दबलेला असतो. मेटॅलिकाने तर १९८८ च्या अल्बममध्ये तो जवळजवळ पुसूनच टाकला. ओव्हरकिलमध्ये उलट. वर्नी बोटांऐवजी पिकने, म्हणजे छोट्या पातीने वाजवतो आणि त्याचा बास लोखंडी सळईवर पाना आपटावा तसा खणखणतो. मोटरहेडच्या बासवाल्या लेमीची शिकवण. आमच्या त्या खरखरीत कॅसेटवर गिटारीचा लगदा झाला होता, पण बास शाबूत होता. डोळे मिटून बँड ओळखायचा असेल तर मी ब्लिट्झच्या गळ्याआधी वर्नीची सळई ऐकतो.

१९८९ चा 'द इयर्स ऑफ डिके' माझ्या मते त्यांचं सगळ्यात भारदस्त काम. त्यात एक गाणं दहा मिनिटांचं आहे आणि त्याचा बराचसा भाग संथ, जडशीळ. वेगवान बँडला संथ वाजवायला सांगा, मग कळतं कोण किती पाण्यात आहे. १९९० मध्ये गिटारवादक बॉबी गुस्टाफसन बाहेर पडला. गाणी रचण्यात त्याचा मोठा हात होता. एकाच्या जागी दोन गिटारवादक आले आणि १९९१ च्या सप्टेंबरात 'हॉररस्कोप' निघाला. उत्तम अल्बम. आणि नशीब बघा, त्याच्या तीन आठवडे आधी मेटॅलिकाचा काळा अल्बम आलेला, तीन आठवड्यांनी 'निर्वाणा' या बँडचा 'नेव्हरमाइंड'. एकीकडे थ्रॅश सोडून मोठं झालेलं घर, दुसरीकडे थ्रॅशला म्हातारं ठरवणारी नवी पोरं. मधल्या फटीत ओव्हरकिल.

१९९३ च्या 'आय हिअर ब्लॅक'मध्ये त्यांनीही वेग उतरवून पाहिला. तो अल्बम मी वर्षातून एकदा लावतो, प्रामाणिकपणे प्रयत्न करतो आणि अर्ध्यावर बंद करतो. १९९४ नंतर अटलांटिकशी नातं संपलं.

इथे या धर्तीचे कितीतरी बँड संपले. काहींनी केस कापले, काहींनी नोकऱ्या धरल्या. चौघांचं तरी कुठे सुरळीत होतं? अँथ्रॅक्सने १९९२ मध्ये गायक बदलला. मेगाडेथ २००२ मध्ये मोडला, दोन वर्षांनी पुन्हा उभा राहिला. ओव्हरकिलकडे मोडण्याइतकं मोठं काही नव्हतं. लहान कंपन्या, लहान हॉल, युरोपातले दौरे. दर दोन-तीन वर्षांनी एक अल्बम.

[दृश्य: दादर, शिवाजी मंदिरबाहेर उभी नाटकाची बस. टपावर नेपथ्याचं सामान.]

ज्यांनी नाटकाच्या बसमधून दौरे केलेत त्यांना हे आयुष्य वेगळं समजावून सांगायला नको. आज कोल्हापूर, उद्या सांगली, परवा इस्लामपूर. वर्तमानपत्रात नाव नाही, मालिकेत चेहरा नाही, पण प्रयोग लागलेला असतो. आणि एखादा नट गेला तर बदली कलाकार उभा राहतो. ओव्हरकिलमध्ये गिटारवादक आले-गेले, ड्रमर आले-गेले. दोघं मात्र हलले नाहीत, ब्लिट्झ आणि वर्नी.

आमच्या चाळीत दर गुरुवारी भजनी मंडळ बसायचं. त्यात पेटीवाले काका आणि पखवाजवाले काका कायमचे. बाकी टाळकरी बदलायचे. कुणाची बदली झाली, कुणी लग्न करून डोंबिवलीला गेला. एकदा त्या दोघांचं सहा महिने बोलणं बंद होतं. पण गुरुवार चुकला नाही. ब्लिट्झ आणि वर्नी यांच्यात कधी काय बिनसलं ते मला ठाऊक नाही. त्यांचं नाव निघालं की मला ते दोन काका दिसतात, एवढंच.

१९९८ मध्ये ब्लिट्झच्या नाकाला कॅन्सर झाला. तातडीने शस्त्रक्रिया झाली, तो वाचला. ज्याचा अर्धा आवाज नाकातून येतो त्या गायकाची ही गोष्ट. पुढच्याच वर्षी नवा अल्बम. २००२ मध्ये जर्मनीत, न्यूर्नबर्गच्या रंगमंचावर, कार्यक्रम चालू असताना त्याला पक्षाघाताचा सौम्य झटका आला. २००३ मध्ये पुन्हा अल्बम, 'किलबॉक्स १३'. त्यानंतरचा 'रेलिक्स-१४'. दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक अल्बम धरला तर हे क्रमांक बरोबर बसतात. नावातच अनुक्रमांक घालणारा बँड कीर्तीकडे बघत नसावा, वहीकडे बघत असावा.

[दृश्य: २०१० सालचं कॅलेंडर.]

आणि मग २०१० साल. जूनमध्ये, पोलंडमधल्या वॉर्सा इथे, बिग फोर पहिल्यांदा एका मंचावर आले. जगभर गाजावाजा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, या थाटाच्या काही महिने आधी, ओव्हरकिलने 'आयर्नबाउंड' काढला. पन्नाशीला टेकलेला ब्लिट्झ विशीतल्यासारखा किंचाळतो आहे आणि गाणी १९८५ सालापेक्षा वेगात. मी तो पहिल्यांदा ऐकला चर्नी रोड ते बोरिवली, विरार लोकलच्या दारात उभा राहून. बोरिवलीला उतरलोच नाही, उतरायचं राहून गेलं. नंतर नालासोपाऱ्याहून उलटा आलो.

इथून पुढे त्यांची खरी चढती कमान. २०१२ चा 'द इलेक्ट्रिक एज' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ७७ वा. २०१४ चा 'व्हाइट डेव्हिल आर्मरी' ३१ वा. अटलांटिकच्या काळात, टीव्हीवर व्हिडिओ लागत असतानाही त्यांना हा आकडा दिसला नव्हता. २०२३ चा 'स्कॉर्च्ड' त्यांचा विसावा स्टुडिओ अल्बम.

[दृश्य: सीएसएमटी, रात्र. काळे टी-शर्ट घातलेली मुलं गाडीकडे.]

मुंबईत हे सगळं पाहायला मिळालं का? फारसं नाही. मेटॅलिका २०११ मध्ये बेंगळुरूला आली, स्लेयर २०१२ मध्ये, तीही बेंगळुरूलाच. आम्ही उद्यान एक्स्प्रेसने गेलो, डब्यात आईने दिलेल्या दशम्या. रंगभवन गेल्यावर मुंबईची थ्रॅशची पोरं लहान क्लबांत आणि कॉलेजांच्या महोत्सवांत वाजवत राहिली. आपल्या 'झिग्नेमा'ने २०११ मध्ये जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजवलं. त्यांच्यासारख्यांना बिग फोरच्या गोष्टीचा काय उपयोग? खासगी विमान कुणाला मिळणार आहे? दिवसा नोकरी, रात्री गोरेगावला तासावर घेतलेली सरावाची खोली, असं वीस वर्षं करायचं तर नकाशा ओव्हरकिलचाच हवा.

परवा त्यांच्या एका मैफलीचं चित्रण बाबांना दाखवलं. बाबा आता ब्याऐंशीचे. ब्लिट्झ एक कडवं म्हणतो, गिटारी सुरू झाल्या की विंगेत पळतो, तिथल्या अंधारात श्वास घेतो आणि पुढच्या कडव्याला धावत येऊन माइक पकडतो. शेवटचं गाणं म्हणजे कॅनडातल्या सबह्यूमन्स या पंक बँडची एक सणसणीत शिवी. १९८७ पासून ते ती वाजवत आलेत आणि अख्खा हॉल ती एका सुरात देतो. बाबांना शब्द कळले नाहीत, बरंच झालं. चष्मा वर करून त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं.

"हा तोच ना? बोटवाला?"

"तोच."

"अजून सुटलं नाही वाटतं," म्हणाले आणि आवाज थोडा वाढवायला सांगितला.

[दृश्य: ब्लिट्झ विंगेत पळतो. रिकामा माइक. काळा पडदा.]